सहा निऑन कमीच पडतात

'माशांच्या दोन फुटी टाकीत सहा निऑन टेट्रा (निळ्या पट्ट्याचे, थव्याने राहणारे छोटे मासे) पुरे' हे या चर्चेत कुणी मांडलेलं मत मला पटत नाही. माझ्याकडे सहाच होते तोवर ते दिवसभर वॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीच्या मागे अंग चोरून बसायचे. बारा केले आणि आठवड्याभरात थवा मोकळ्या पाण्यात फिरायला लागला.

एक गोष्ट मात्र अजून कुणी लिहिली नाही. पहाटे दिवा लावल्या लावल्या निऑनचा निळा पट्टा फिका, जांभळट दिसतो. तो आजार नव्हे! अंधारात रंग उतरतोच, उजेड मिळाला की थोड्या वेळात परत चढतो. मी पहिल्यांदा घाबरून तांबं असलेलं औषध ओतलं आणि टाकीतल्या सगळ्या गोगलगायी मेल्या, अजून हळहळ वाटते. नाशिकच्या थंडीची काळजी मात्र घ्या. जानेवारीत माझ्या टाकीचं पाणी १७ अंशांवर आलं होतं. हीटर २४ वर ठेवा.