व्यसन सोडवणारी झाडांची औषधं : तुमचा अनुभव लिहा

विडीवालीची लेक
आईनं चाळीस वर्षं विड्या वळल्या आणि तितकीच वर्षं मिश्री लावली. गालात पांढरा चट्टा दिसला तेव्हा डॉक्टरांनी दोन मिलिग्रॅमचं निकोटिन च्युइंगम दिलं. आई म्हणाली, "तंबाखू सोडायला तंबाखूच व्हय गं?" निकोटिन तंबाखूच्या पानातलंच, पण इथं मात्रा मोजलेली असते. पहिल्या दिवशी तिनं ते भराभरा चावलं. उचक्या लागल्या, छातीत जळजळ झाली. मग औषधाच्या दुकानातल्या दादांनी शिकवलं : हळू चावायचं, झणझणलं की गालात दाबून ठेवायचं, झणझणाट ओसरला की पुन्हा चावायचं. चार महिने झाले, मिश्रीची डबी रिकामी आहे. सोलापूरकरांनो, ऐकीव नको, घरात घडलेलं लिहा.

अशोक चौक
मी यंत्रमागावर जॉबर. वॅरेनिक्लिन बारा आठवडे घेतलं, सिगारेट सुटली. स्वप्नं मात्र भलतीसलती पडायची. ह्या गोळीचं मूळ सायटिसिन, म्हणजे लॅबर्नम नावाच्या झाडाच्या बियांतलं द्रव्य. बल्गेरियात १९६४ पासून त्याच्या गोळ्या मिळतात. न्यूझीलंडच्या अभ्यासात (२०१४) महिनाभरानंतर सायटिसिनवाल्यांपैकी ४० टक्के सिगारेटपासून दूर होते, निकोटिनची औषधं घेणाऱ्यांपैकी ३१ टक्के. हे ऐकून आमच्यातल्या एकानं बहाव्याच्या शेंगा उकळून प्यायल्या! बहाव्याला इंग्रजीत इंडियन लॅबर्नम म्हणतात, एवढंच. झाड वेगळं, त्यात सायटिसिन नाही. त्याला दोन दिवस जुलाब. खऱ्या लॅबर्नमच्या बिया तर विषारीच.

रेवती
जाहिरात बघून 'शंभर टक्के आयुर्वेदिक' पुडी मागवली आणि ह्यांच्या आमटीत न सांगता घातली. रात्री पिऊन आले, जेवले. अर्ध्या तासात तोंड लालबुंद, छाती धडधडायला लागली, ओकारी थांबेना. रिक्षातून सिव्हिलला नेलं. डॉक्टर म्हणाले, असल्या पुड्यांत डायसल्फिराम मिसळलेलं असू शकतं. ते झाडाचं नव्हेच. दारू पचताना ॲसिटाल्डिहाइड तयार होतं, त्याचा पुढचा निचरा हे औषध अडवतं, म्हणून माणूस असा तडफडतो. डॉक्टरही ते देतात, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं. ह्यांचा जीव वाचला. पण पुढे कितीतरी महिने पहिला घास घेण्याआधी वाटीकडे बघायचे. ते मला अजून लागतं.

धाकटा भाऊ
दादा ब्राउन शुगरवर, म्हणजे अफूपासूनच्या हेरॉइनवर होता. आता ब्युप्रेनॉर्फिन चालू आहे. अफूच्या झाडात थिबेन नावाचं द्रव्य असतं, त्यापासून ही गोळी बनवतात. जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत केंद्रातच बसायचं. नातेवाईक म्हणतात, "एक नशा सोडून दुसरी." त्यांनी त्याला गोळी नसताना थंडीनं कुडकुडताना, पाय आपटताना पाहिलेलं नाही. आता तो टॉवेलच्या कारखान्यात पाळीला वेळेवर जातो.

परिचारिका
मला दोघांनी इबोगेनबद्दल विचारलंय. मध्य आफ्रिकेतल्या इबोगा झुडपाच्या मुळांच्या सालीतून ते मिळतं. अफूची ओढ कमी होते का, यावर संशोधन चालू आहे. पण त्यानं हृदयाचा ठेका बिघडून माणसं दगावली आहेत. कृपा करून ऑनलाइन मागवू नका.

विडीवालीची लेक
रेवतीताई, आई विचारतेय, आता कसे आहेत ते?

रेवती
सात महिने दारूला शिवले नाहीत. डॉक्टरांनी यकृत तपासून नाल्ट्रेक्सोन हे दारूची ओढ कमी करणारं औषध सुरू केलं. तेही थिबेनपासून बनवतात, हे मला मागाहून कळलं. गोळी हे स्वतः पाकिटातून काढतात, मी फक्त पाणी देते.