उताणे झोपणाऱ्यांनो, तुमची गादी कशी निवडलीत? (अनुभव लिहा)

कुशीवर झोपणाऱ्यांना गादीबद्दल भरपूर सल्ले मिळतात. आपल्यासारख्या पाठीवर झोपणाऱ्यांच्या वाट्याला मात्र एकच वाक्य येतं: "कडक घ्या, पाठीला चांगली." किती कडक, कुणासाठी कडक, हे कुणीच सांगत नाही. म्हणून हा धागा काढते आहे. गादी कशाची, जाडी किती, तुमची अंगकाठी कशी, सकाळी नेमकं कुठे दुखायचं आणि काय बदलल्यावर थांबलं, एवढं जरूर लिहा. कंपन्यांची नावं नकोत. एकाच नावाखाली दर दोन वर्षांनी आतला माल बदलतो, त्यामुळे नावाचा काही उपयोग होत नाही.

सुरुवात मीच करते. मी किरकोळ अंगाची. घरी कॉयरची, म्हणजे काथ्याची, पाटासारखी ताठ गादी होती. उताणं झोपलं की पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड टेकायचं, मधली कंबर अधांतरी. उठल्यावर पहिली पाच मिनिटं वाकता येत नसे. फिजिओथेरपिस्टने एक साधी तपासणी दाखवली. पाठीवर झोपायचं आणि कमरेच्या खळगीत तळहात सरकवून बघायचा. हात सहज आरपार गेला तर गादी तुमच्यासाठी फार कडक. घुसतच नसेल तर फार मऊ. थोडा अडखळत गेला पाहिजे. माझा हात आरपार जाऊन वर जागा उरत होती! गादी तीच ठेवली आणि वर ५ सेंटिमीटर जाडीचा लेटेक्सचा, म्हणजे रबरी फोमचा, थर टाकला. कमी वजनाच्या माणसाचं अंग गादीत फारसं रुततच नाही, त्यामुळे इतरांना मध्यम वाटणारी गादी त्याला कडक लागते. हे कुठल्याही लेबलवर लिहिलेलं नसतं.

जाडजूड
माझं अगदी उलट. वजन शंभरीच्या आसपास. दुकानात २५ सेंटिमीटर जाडीच्या मेमरी फोमवर आडवा झालो आणि उठावंसंच वाटेना. घरी आणल्यावर पहाटेपर्यंत बूड खाली आणि पाय नि खांदे वर, अशी झोळी व्हायची. माणसाच्या शरीरात सगळ्यात जड भाग कमरेखालचा, तोच आधी रुततो. त्यात मेमरी फोम उष्णतेने मऊ पडतो, म्हणजे दुकानातल्या दोन मिनिटांत जे कळत नाही ते अंगाची ऊब लागल्यावर कळतं. आता कुणी विचारलं तर सांगतो, निदान पंधरा मिनिटं हलू नका, लाज सोडून पडून राहा. आणि घरी वापरून परत करायची मुदत असेल तर ती पुरेपूर वापरा.

आणखी एक गोंधळ सगळीकडे दिसतो. विक्रेता म्हणतो "चाळीस डेन्सिटी, एकदम कडक." डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन, किलोत. त्यावरून साधारणपणे गादी किती टिकेल याचा अंदाज येतो, कडकपणाचा नाही. कडकपणा वेगळा मोजतात: फोम त्याच्या जाडीच्या २५ टक्के दाबायला किती जोर लागतो, यावरून. जड डेन्सिटीचा मऊ फोम असतो आणि हलक्या डेन्सिटीचा कडकही. माझ्यासारख्यांना तो हलका-कडक फोम फसवतो, कारण थोड्याच काळात नेमका कमरेखाली बसतो. सध्या पॉकेट स्प्रिंग आहे. त्यात प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असते, त्यामुळे जिथे भार तिथेच दबते. वर फोमचा थर पातळ. कंबर धरली जाते. उन्हाळ्यात घामही कमी येतो, तो फायदा वेगळाच.

सरळरेषा
मी जमिनीवर पातळ कापसाच्या गादीवर वर्षानुवर्षं झोपतो. कंबर ठणठणीत. हे फोम, लेटेक्स वगैरे सगळं विकायचे धंदे आहेत.

वाचणारा
सरळरेषा, तुम्हाला जमतंय तर बदलूच नका. पण "कडकच चांगली" हा नियम सगळ्यांवर लादू नये. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना दोन गटांत वाटून काहींना कडक, काहींना मध्यम-कडक गादी दिली. ९० दिवसांनी मध्यम-कडकवाल्यांचं दुखणं आणि त्यामुळे येणारी अडचण जास्त कमी झालेली दिसली. तो अभ्यास कंबरदुखीवाल्यांचा होता, खास उताणे झोपणाऱ्यांचा नव्हे, हे लक्षात ठेवून वाचा. पण "पाठ दुखते? फळीवर झोप" या सल्ल्याला त्याने चांगलाच धक्का दिला. 'ऑर्थोपेडिक' हा शिक्का पाहूनही भुलू नका, त्यामागे ठरलेलं एकच मोजमाप नसतं.

सरळरेषा
फळीवर झोपा असं मी म्हटलेलंच नाही. गादी आहे हो खाली!

उशाशी
गादी बदलली की उशीही तपासा, हे कुणी लिहिलं नाही. माझी नवी गादी आधीपेक्षा मऊ, त्यामुळे धड थोडं खाली गेलं आणि जुनी उशी आपोआप उंच झाली. हनुवटी छातीकडे, मान आखडलेली, आणि दोष मात्र गादीला देत बसले होते. पातळ उशी घेतली, प्रश्न मिटला. शिवाय गुडघ्यांखाली एक लोड. गुडघे किंचित वाकले की कमरेची कमान सैल पडते. नवी गादी घेण्याआधी फुकटात करून बघण्यासारखं आहे. सासऱ्यांच्या पाठीला बाक आहे, त्यांना मात्र पातळ उशी चालत नाही, डोकं मागे लोंबतं. तेव्हा माझं ऐकून सगळ्यांनी उशा फेकू नका.

रात्रपाळी
वडील अंथरुणाला खिळल्यापासून पाठीवरच असतात, म्हणून वेगळा अनुभव लिहिते. स्वतः कूस बदलता न येणाऱ्या माणसासाठी वरचे निकष लावू नका. तिथे प्रश्न कमरेच्या कमानीचा नसून दाबाचा असतो. डोक्याची मागची बाजू, खांद्यांची हाडं, माकडहाडाच्या वरचा भाग आणि टाचा, इथेच जखमा होतात. आमच्याकडे आलटून-पालटून हवा भरणारी गादी आहे. तिच्या नळ्या ठरावीक वेळाने फुगतात नि बसतात, त्यामुळे एकाच जागी सतत भार राहत नाही. पण ती आहे म्हणून कूस बदलणं थांबवता येत नाही, हे नर्सने पहिल्याच दिवशी बजावलं. पोटरीखाली उशी देऊन टाचा हवेत ठेवतो. चादरीला सुरकुती नको, ओल नको. टाच लाल दिसली आणि बोटाने दाबल्यावरही लाली गेली नाही, तर लगेच डॉक्टरांना दाखवायचं. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही, म्हणून हात लावून ऊब आणि कडकपणाही बघते. हे सगळं गादी विकणाऱ्याने एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

घोरासुर
जरा वेगळा मुद्दा. उताणं झोपल्यावर जीभ आणि घशाचा मऊ भाग मागे येतो, घोरणं वाढतं. मी गाद्यांवर संशोधन करत होतो, बायको म्हणाली आधी श्वास अडकतोय तो दाखवा. स्लीप अ‍ॅप्निया निघाला. झोपेत श्वास थांबत असेल, दिवसा पेंग येत असेल, तर गादीच्या दुकानाआधी डॉक्टर.

नववा_महिना
घोरासुर +१. गरोदरपणात २८ आठवड्यांनंतर मलाही कुशीवर झोपायला सांगितलं. उताणं असताना गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो. जाग आल्यावर पाठीवर सापडलात तर घाबरायचं नाही, पुन्हा कूस घ्यायची. त्या काळापुरती पाठीवर झोपायची कडक गादी खांद्याला नि कंबरेच्या हाडाला टोचते. वर मऊ थर टाकून निभावलं, नवी घेतली नाही.

दोरीवाला
गादीत खड्डा पडलाय का हे डोळ्यांनी कळत नाही. चादर काढा, कडेपासून कडेपर्यंत दोरी ताणा आणि कमरेच्या जागी दोरी नि गादी यांतलं अंतर पट्टीने मोजा. वॉरंटीत किती सेंटिमीटरचा खड्डा धरतात ते वाचून ठेवा. आमच्या गादीचा खड्डा त्या आकड्याच्या जरा आत होता, म्हणून दावा फेटाळला. मग पलंग पाहिला. फळ्यांमधली फट हाताच्या पंजाएवढी, त्यातली एक मधोमध वाकलेली. ती बदलली, फटी कमी केल्या आणि तीच गादी पुष्कळ सुधारली. नवी गादी घेताना निदान एकदा ती जमिनीवर टाकून झोपून बघा. जमिनीवर बरं वाटलं तर खर्च पलंगावर करायचा.

जाडजूड
दोरीवाला, आमचा पलंग पेटीचा आहे, फळी सलग आहे. पण खाली हवा खेळत नाही, गादी उचलली तर बुरशीचा वास. भोकं पाडून घेतली तर चालतं का? कुणी केलंय?

दोरीवाला
चालतं, पण भोकं कडेला जास्त आणि मधे लहान ठेवा, नाहीतर फळी वाकेल. आणि गादी अधूनमधून उभी करून वाळवा. उभी असतानाच डोक्याची बाजू पायाकडे करून टाका.