गिरणगावातली तुमची खोली आठवते का?

परळची_लेक
आमच्या चाळीचा पुनर्विकास सुरू होणार म्हणून गेल्या रविवारी परळची खोली रिकामी करायला गेले होते. पोटमाळ्यावर आईच्या खाणावळीतला एक पितळी डबा सापडला. झाकणावर खिळ्याने ठोकून, ठिपक्याठिपक्यांनी १४ हा आकडा उमटवलेला आहे. हा डबा साचाखात्यातल्या, म्हणजे गिरणीच्या विणकाम विभागातल्या, एका काकांचा होता आणि आम्ही मुले त्यांना ‘चौदा नंबरचे काका’ म्हणूनच ओळखत होतो. आई अठरा जणांना जेवू घालत असे. पहिली पाळी सातला लागायची म्हणून ती पहाटे चारला चूल पेटवायची. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, तेव्हा तिने सगळ्यांचे जेवण उधारीवर चालू ठेवले. उन्हाळ्यापर्यंत मात्र एकेक जण गावी निघून गेला. “वहिनी, गिरणी सुरू झाली की येतो, डबा माझाच ठेवा,” असे काका जाताना म्हणाले होते. आपापल्या खोलीबद्दल आणि वस्ती कशी पालटत गेली त्याबद्दल कृपया लिहा.

सातारकर
आमची खोली म्हणजे गावाच्या मंडळाचा गाळा. दहा बाय बाराच्या त्या जागेत पंचवीस जणांच्या ट्रंका भिंतीला लागून असत, आणि रातपाळीचा माणूस आला की पहिल्या पाळीवाल्याने गुंडाळलेल्या वळकटीच्या जागी आपली पसरून झोपत असे. गाळा अजून मंडळाकडेच आहे. आता तिथे गावाकडून केईएमला किंवा टाटाला उपचारांसाठी आलेल्या रुग्णांचे नातेवाईक उतरतात.

मीनल_डोंबिवली
ताई, तो डबा मोडीत देऊ नका.

रिंगखाते
‘तेव्हा सगळे एक होते’ असे जे नेहमी म्हटले जाते, त्याबद्दल मला थोडे लिहायचे आहे. मागाच्या धोट्यात सुताची नवी कांडी भरताना धागा तोंडाने ओढावा लागे. म्हणून आमच्या समाजाला साचाखात्यात घेत नसत, आणि जास्त मजुरी त्याच खात्यात होती. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला होता. माझे आजोबा शेवटपर्यंत सूतखात्यातच राहिले. शिवाय गिरणगाव एकट्या कोकण-घाटाचे कधीच नव्हते. मदनपुऱ्यात उत्तरेतून आलेले मोमीन विणकर होते आणि वरळीकडे तेलुगू पद्मशाली होते. आज नव्याने येणाऱ्यांकडे बोट दाखवताना आपले आजोबाही वळकटी घेऊनच उतरले होते, हे विसरू नये असे मला मनापासून वाटते.

परळची_लेक
हे लिहिलेत ते फार बरे केलेत. आईच्या पंगतीतही दोघे जण नेहमी दाराजवळ बसत. त्याचे कारण मला आज कळले.

लोअर_परळ_२२वा_मजला
मी मूळची अकोल्याची. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आठ वर्षे भाड्याने राहते आहे. माझ्या खिडकीतून समोरच्या चाळीची गॅलरी दिसते, पण त्या घरांतल्या एकाही माणसाशी माझी ओळख नाही. आमचे फाटक वेगळ्या रस्त्यावर उघडते.

बदली_कामगाराचा_मुलगा
रिंगखाते यांचे म्हणणे मला पूर्ण पटते, कारण वस्ती येणाऱ्यांमुळे उठली नाही, जमिनीमुळे उठली. १९९१च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे होते : एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि एक मालकाकडे. २००१च्या दुरुस्तीने, इमारती पाडून मोकळी होणारी जमीन या वाटणीतून वगळली गेली आणि मैदाने व घरे दोन्ही आक्रसली. वडिलांनी कामगारांच्या घरासाठी अर्ज भरला होता. प्रत्येक सोडतीच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून यादी पाहायला जात. ते गेले, तरी अर्जाची पावती आईने देवघरात जपून ठेवली आहे.

मीनल_डोंबिवली
वाचून फार वाईट वाटले. आम्ही १९९४ साली खोली विकून डोंबिवलीला आलो, तरी सासूबाई दर एप्रिलमध्ये मिरच्या घेऊन लालबागच्या डंकावरच मसाला कुटायला जातात. तिथे रांगेत उभ्या असलेल्या निम्म्या बायका बदलापूर-विरारहून आलेल्या असतात, आणि सगळ्या एकमेकींना जुन्या चाळीच्या नावानेच ओळखतात.

सातारकर
परळची_लेक, चौदा नंबरचे काका कुठले होते?

परळची_लेक
पाटण तालुक्यातले, ढेबेवाडीकडचे, एवढेच आई सांगत असे.

सातारकर
आमच्या गाळ्यात त्या खोऱ्यातले तीन-चार साचेवाले होते. रविवारी वडिलांना फोन करून विचारतो. झाकणाचा फोटो मात्र पाठवा.