शब्दचर्चा: फ्रेंच खेड्यातल्या 'एते'ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

गेल्या वर्षी जून ते सप्टेंबर मी फ्रान्सच्या आग्नेयेला, ड्रोम जिल्ह्यात न्योंसजवळच्या एका खेड्यात राहिले. तिथली टिपणं आता मराठीत नीट लिहायला घेतली आहेत आणि पहिल्याच वाक्याला अडले आहे. फ्रेंच शब्द 'एते'. कोशात समोर 'उन्हाळा'. मी तो लिहिला, वाचला आणि खोडला.

उन्हाळा म्हटलं की आपल्यासमोर चैत्र-वैशाख उभा राहतो. नांगरून तापत पडलेली ढेकळं, तळ गाठलेली विहीर, लग्नसराई, गच्चीवर कुरडया, मुलं मामाच्या गावी, आणि मोठ्यांचे डोळे आभाळाकडे. रान मोकळं असतं. त्या खेड्यात मी पाहिलं ते नेमकं उलटं होतं. जूनमध्ये जर्दाळूच्या पेट्या भरायला सुरुवात झाली. जुलैत गहू निघाला आणि लॅव्हेंडर कापून वाफेवर तेल काढायला गेलं. ऑगस्ट सरता सरता द्राक्षांची तयारी. चार महिने रान माणसांनी भरलेलं होतं. पंचांग काढून बसलं तर ते आपले आषाढ-श्रावण-भाद्रपद. ऊन तेवढं दोन्हीकडे.

एक शब्द मात्र आपोआप सापडला, तो आधी सांगते. तिथल्या खिडक्यांना बाहेरून लाकडी झडपा असतात, 'वोले'. रात्री सगळं सताड उघडं. सकाळी सातच्या सुमाराला, बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा गरम व्हायच्या आत, शेजारच्या आजी एकेक खिडकी गाठायच्या, झडप आत ओढायच्या, दुसरी तिच्यावर आणायच्या, पण कडी घालायच्या नाहीत. बोटभर फट राहायची. त्या फटीतून उजेडाची एक रेघ फरशीवर पडायची आणि दिवसभर सरकत भिंतीपर्यंत जायची. हातभर जाड दगडी भिंतींमुळे दुपारी चारलाही आत अंग गार राहायचं. दक्षिण फ्रान्समध्ये या कृतीला 'क्रोआझे ले वोले' म्हणतात. मी 'झडपा बंद केल्या' लिहिलं, ते चुकीचं वाटलं. मग माझ्या आजीचा आवाज आठवला: "दार लावू नकोस गं, नुसतं लोट." लावणं वेगळं, लोटणं वेगळं. 'आजींनी झडपा लोटून घेतल्या.' इतका नेमका शब्द आपल्याकडे आहे याचा मला फार आनंद झाला.

तसा 'एते'साठी कुणाला सुचतो का? शिवाय 'कानिक्यूल' (कडक उष्म्याचे दिवस), 'सिगाल' आणि 'प्रांद्र ल फ्रे' यांवरही मदत हवी आहे.

नागपूरहून

ताई, कानिक्यूलला आमच्याकडे शब्द तयार आहे: नवतपा. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत शिरला की पुढचे नऊ दिवस. फ्रेंच शब्दाचं मूळही आकाशातच आहे ना?

मूळ प्रश्नकर्ती

हो, आकाशातच. लॅटिन 'कानिकुला' म्हणजे लहान कुत्री. हे त्या ताऱ्याचं नाव, ज्याला आपण व्याध म्हणतो. त्यांच्या आकाशात तो कुत्रा, आपल्या आकाशात शिकारी, मृगाच्या मागे लागलेला. उन्हाळ्यात व्याध सूर्याच्या तेजात दडतो आणि मग एका पहाटे पूर्वेला पुन्हा दिसतो. प्राचीन रोमन लोकांच्या काळी हे दर्शन जुलै-ऑगस्टच्या संधीवर होई. या ताऱ्याची धग सूर्याच्या धगीत मिसळते, अशी समजूत होती. म्हणून ते दिवस कुत्र्याचे.

गंमत पाहा, आकाशाचा तोच तुकडा आपल्याला पाऊस देतो. रोहिणी सरली की सूर्य मृगात, आणि मृग लागला की पेरणीची घाई. शेजारशेजारच्या ताऱ्यांवरून एका देशाने भाजणारे दिवस मोजले, दुसऱ्याने भिजवणारे.

नवतपा हा शब्द मला मनापासून आवडतो, तरी एका ठिकाणी तो कमी पडेल असं वाटतं. नवतपा चांगला तापला तर पाऊस चांगला, असं आपण म्हणतो. त्या तापण्यात आशा आहे. कानिक्यूल या शब्दात २००३ सालापासून भीती भरली आहे. त्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्म्याने सुमारे १५,००० माणसं गेली. बहुतेक वृद्ध होती, अनेक जण एकटे राहणारे. त्यानंतर गावोगावच्या नगरपालिका एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नोंदवही ठेवतात आणि इशारा आला की त्यांची चौकशी करतात. आमच्या आजींना जुलैत तीन दिवस रोज अकराला फोन यायचा. "पाणी प्यायलात का? वरच्या मजल्यावर झोपू नका." आजी पलीकडच्या मुलीला "हो गं, हो" म्हणायच्या आणि फोन ठेवल्यावर खरंच पेलाभर पाणी प्यायच्या.

म्हणून मी बातमीच्या भाषेत 'उष्णतेची लाट' आणि गोष्टीत 'कानिक्यूल' ठेवून एकदा व्याधाची ओळख करून द्यावी म्हणते.

नागपूरहून

पटलं. पण नुसत्या रणरणत्या उन्हाला काय म्हणतात तिथे?

मूळ प्रश्नकर्ती

'कान्यार'. मूळ ऑक्सितान भाषेतला, म्हणजे दक्षिण फ्रान्सच्या जुन्या बोलीतला शब्द. पूर्वी त्याचा अर्थ वारा न लागणारी, ऊन येणारी कोपऱ्यातली जागा. थंडीत लोक तिथे ऊन खात बसत. हवीहवीशी जागा होती, तिचं नाव नकोशा उन्हाला चिकटलं. मराठीत मी 'ऊन मी म्हणत होतं' लिहिलं आहे. याहून चांगलं काही असेल असं वाटत नाही.

फोंड्याहून

'प्रांद्र ल फ्रे' म्हणजे काय ते आधी सांगा.

मूळ प्रश्नकर्ती

शब्दशः 'गारवा घेणं'. जेवणं झाली की माणसं खुर्च्या दारासमोर रस्त्यावर काढतात आणि झोप येईतोवर बसतात. कुणी शेंगा सोलतं, कुणी नुसतं बसतं.

फोंड्याहून

मग ते वारा खात बसणं झालं! आमच्या गोव्यात त्यासाठी घराला खास जागाच बांधलेली असते, बल्कांव. दोन्ही बाजूंना दगडी बाकं, समोर रस्ता, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणं. आणि ऑगस्टमध्ये तिथे गावाची जत्राही असते ना? तिला कृपया 'जत्रा' लिहू नका. आमचं 'फेस्त' वापरा. चर्चच्या संताचा दिवस, प्रार्थना, मग बँड आणि नाच. 'फेस्त' आणि फ्रेंच 'फेत' या शब्दांचं मूळही एकच.

मूळ प्रश्नकर्ती

दोन्ही सूचना घेतल्या. तिथे 'फेत व्होतीव' म्हणतात, आणि तुम्ही म्हणता तशीच असते. आता चर्चच्या प्रार्थनेला थोडेच जातात, नाचाला सगळे. 'वारा खाणं' मला सुचायला हवं होतं. पुण्यात आम्ही पर्वतीवर तेच करायला जायचो.

रत्नागिरीहून

ऑगस्टात शहरातून येणाऱ्या माणसांना काय म्हणता? आमच्याकडे असते तर चाकरमानी झाले असते.

मूळ प्रश्नकर्ती

अगदी! फ्रेंचमध्ये जुलैत सुट्टी घेणारा 'ज्युइयेतिस्त' आणि ऑगस्टात घेणारा 'आऊसियां', अशी महिन्यांवरून नावं आहेत. जुलै संपताना एक लाट परतते, दुसरी निघते आणि हमरस्ते तुंबतात. गावात मात्र दोन प्रकार दिसतात. एक नुसते पाहुणे. दुसरे ल्योंला किंवा पॅरिसला नोकरी करणारे, ज्यांचं जुनं घर अकरा महिने बंद असतं. त्या घराच्या झडपा उघडल्या की गल्लीत कळतं, आले. तीच मंडळी संध्याकाळी चौकातल्या झाडांखाली पेतांक खेळतात. या दुसऱ्यांना मी चाकरमानी म्हणणार आहे. कोकणी माणसाला त्यांचं येणं एका शब्दात कळेल, आणि जातानाची गल्लीसुद्धा.

इंदूरहून

पेतांकला मराठी नाव द्यावं. गोट्यांचाच मोठा भाऊ वाटतो.

मूळ प्रश्नकर्ती

नाव ठेवावं तसंच, अर्थ सांगावा. प्रोव्हान्सच्या बोलीत 'पे' म्हणजे पाय आणि 'तांका' म्हणजे रोवलेले. पाय रोवून खेळायचा खेळ. जुन्या खेळात धावत येऊन गोळा टाकत. मार्सेयजवळच्या ला सिओता गावात १९०७-१० च्या सुमारास झ्युल लन्वार या संधिवाताने जखडलेल्या खेळाडूसाठी मित्रांनी धावणं काढून टाकलं, अंतर कमी केलं, आणि सगळेच उभ्याने खेळू लागले. एका दुखणाऱ्या माणसासाठी बदललेला नियम नावात राहिला आहे. ते नाव मला पुसायचं नाही. लाकडी नेमाच्या गोळीला मात्र 'कोशोने' म्हणतात, म्हणजे डुकराचं पिल्लू. तिथे आपलं 'पिल्लू' चालेल. "पिल्लापासून कुणाचा गोळा जवळ?" असं विचारत दोन म्हातारे गुडघ्यांवर बसून टेप लावतात, तेव्हा चौकात कुणी बोलत नाही.

साताऱ्याहून

मूळ प्रश्न बाजूला पडला. ताई, तुम्ही जे वर्णन केलंत त्याला आमच्या घरात एकच शब्द आहे: सुगी.

पुण्याहून

काका, सुगी म्हणजे तर माघ-फाल्गुन. ज्वारीची काढणी, खळं, हुरडा. जुलैतल्या उन्हाला सुगी कसं म्हणणार?

साताऱ्याहून

सुगी हे ऋतूचं नाव नाही, बाळा, कामाचं आहे. आमच्याकडे शाळू माघ-फाल्गुनात निघतो तेव्हा सुगी. खाली कोकणात भात दसरा-दिवाळीला निघतो तेव्हा त्यांची सुगी. कानडीत 'सुग्गी'. पीक घरात येतं, हातात पैसा येतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाटीभर दिलं जातं, जत्रा भरतात. मग फ्रान्सातली जुलैत असली म्हणून काय बिघडलं? गहू त्यांचाही थंडीआधीच पेरतात ना?

मूळ प्रश्नकर्ती

हो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आपला गहू फेब्रुवारी-मार्चला घरात येतो. त्यांचा कडाक्याच्या थंडीत वाढ थांबवून बसतो आणि जुलैत निघतो.

नाशिकहून

द्राक्षांचं काय? आमच्या बागा जानेवारी ते एप्रिल. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. त्यांची छाटणी एकदाच, थंडीत. काढणीला ते 'वांदांज' म्हणतात, पण फक्त वाइनच्या द्राक्षांच्या. खायच्या द्राक्षांना तो शब्द लागत नाही. आणि वांदांज तर सप्टेंबरात असते, तिला उन्हाळ्यात धरायचं का?

मूळ प्रश्नकर्ती

धरावं लागतं आहे. बर्गंडीतल्या बोन शहरात द्राक्ष काढणीच्या तारखा १३५४ पासून नोंदलेल्या आहेत. १९८८ नंतर काढणी पूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे १३ दिवस आधी येते. दक्षिणेत अनेक ठिकाणी कात्री ऑगस्टातच चालू लागते. सुगीच अलीकडे सरकून चाकरमान्यांच्या सुट्टीत शिरली आहे. 'वांदांज'ला मी 'द्राक्षांची काढणी'च लिहीन. तुमच्याकडे रोज वापरात असलेला शब्द आहे तो.

पुण्याहून

'सिगाल' म्हणजे रातकिडा का?

मूळ प्रश्नकर्ती

तिथेच बहुतेक जण घसरतात, मीही घसरले होते. रातकिडा रात्री, पंखावर पंख घासून वाजतो. सिगाल भर दुपारी झाडावर बसून, पोटाच्या बाजूंचे पडदे थरथरवून वाजते, आणि ऊन चढेल तसा आवाज चढतो. सह्याद्रीच्या रानात मे महिन्यात दिवसा जे किर्र लागतं, त्याच कुळातला किडा. त्याला सगळीकडे चालेल असा एक शब्द मला अजून सापडलेला नाही. रत्नागिरीकरांनी घरात विचारून पाहावं.

या किड्याचं भाषांतर पूर्वीही चुकत आलं आहे. मुंगी आणि नाकतोड्याची गोष्ट आपण शाळेत वाचली. इसापाच्या ग्रीक गोष्टीत आणि ला फोंतेनच्या १६६८ च्या फ्रेंच कवितेत नाकतोडा नाही, सिगाल आहे. इंग्लंडात हा आवाज लोकांच्या कानांवर नव्हता, म्हणून इंग्रजीत तिचा नाकतोडा झाला. आपल्या पुस्तकांतही नाकतोडाच आहे.

साताऱ्याच्या काकांनी 'सुगी' म्हटल्यावर ती कविता मी आज दुपारी पुन्हा काढली. उपाशी सिगाल मुंगीच्या दारात दाणे उसने मागते आणि वचन देते की 'ऊत'च्या आत व्याज आणि मुद्दल फेडीन. 'ऊत' म्हणजे ऑगस्ट (आपल्या 'ऊत येणे'शी काही संबंध नाही). मी इतकी वर्षं ते 'ऑगस्टच्या आत' असंच वाचत आले. पण जुन्या फ्रेंचमध्ये 'ऊत' म्हणजे पिकाची कापणीसुद्धा. 'फेर ल ऊत', शब्दशः ऑगस्ट करणं, म्हणजे कापणी करणं. कापणीला येणाऱ्या मजुराला 'ऊतरों' म्हणत. महिना आणि काम यांचं नाव एकच.

म्हणजे ती बिचारी म्हणते आहे, "सुगीच्या आत फेडीन." आपल्याकडे सावकाराच्या ओट्यावर असंच म्हणत.

साताऱ्याहून

माझे आजोबा हेच शब्द म्हणायचे. सुगीला देतो.

मूळ प्रश्नकर्ती

काका, मग ठरलं. हवेबद्दल बोलायचं असेल तिथे 'उन्हाळा' राहील, कारण ऊन खरंच आहे. गावाबद्दल बोलायचं असेल तिथे 'सुगी'. पहिलं वाक्य आत्ता असं लिहिलं आहे, सांगा कसं वाटतं:

'सुगी लागली होती. ऊन अजून कोवळं होतं, तरी आजींनी झडपा लोटून घेतल्या, आणि आम्ही जर्दाळूच्या बागेकडे निघालो.'