घरचा गूळ तांबूस, बाजारचा पिवळा: पाप-पुण्य खरंच ज्याचं त्याचं का?

काहीलकर:
करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. उकळत्या उसाच्या रसावरची मळी काढायला अजून भेंडीच वापरतो. पण नुसत्या भेंडीचा गूळ तांबूस येतो, सौद्यात (बाजारातल्या लिलावात) भाव पडतो. म्हणून काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या कढईत, रंग उजळायची हायड्रॉस पावडर पडते. गूळ पिवळाधमक. (ठेवला की तोच रवा, म्हणजे गुळाची ढेप, काळपट पडतो, पण तोवर तो आमचा नसतो.)

रविवारी शेवटच्या आदणाला (काहिलीतल्या रसाच्या खेपेला) गूळ करणाऱ्या गुळव्यानं पावडरीचा डबा उघडला. आबा म्हणाले, "ह्यात नको, हे घरचं." मी तिथंच अडकलोय. विचारलं तर म्हणतात, "मागंल तसं द्यायचं. पाप-पुण्य ज्याचं त्याचं." खरंच ज्याचं त्याचं असतं का हो?

रंकाळाकाठ:
ज्याचं त्याचं नाही, ज्या त्या काळाचं. एके काळी पाणवठा बाटला म्हणून माणसाला मारणं हा धर्म होता. १९१९ साली शाहू महाराजांनी सार्वजनिक ठिकाणी शिवाशीव पाळायची नाही असे हुकूम काढले. आज तो गुन्हा आहे. ठरवतात माणसंच.

पेठकरी:
रंकाळाकाठ, उलटं वाचताय भावा. गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत कामाला होते. हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मारलं. तो मार हुकूम निघेपर्यंत बरोबर होता म्हणायचं? पुढं महाराजांच्या मदतीनं त्यांनी हॉटेल काढलं, तर गिऱ्हाईक फिरकेना. महाराज स्वतः तिथं चहा प्यायला जायचे. लोकांनी ठरवायचं असतं तर त्या दिवशी महाराजच चुकीचे ठरले असते.

अडतदुकान:
एवढ्या लांब कशाला जाता. पिवळाच हवा म्हणणारं गिऱ्हाईक मी रोज बघतो. "काय घातलंय ते सांगा आणि मग द्या" असं मागणारं अजून एक भेटलं नाही. ते रंग मागतात, पावडर नाही. तुमच्या आबांना हे ठाऊक आहे, नाहीतर घरचं आदण वेगळं काढलं नसतं. भाव आम्हीच पाडतो, तेही खरंच.

काहीलकर:
आबांना वाचून दाखवलं. महाराजांच्या चहापाशी "हं" म्हणाले. अडतवाल्यांचं ऐकल्यावर काहीच नाही, चुलवाणात चिपाडं सारत बसले. जेवताना म्हणाले, "घरच्यातलं चार रवं उद्या सौद्याला ने. किती कमी येतंय ते बघून सांग."

पहाटे टेम्पो भरतोय.