मुलांना युद्धानंतरची घरं आणि खेळाच्या जागा फोटोंतून दाखवायच्या आहेत: काय घेऊ?

पारिजात_लंडन: रविवारच्या मराठी वर्गात ८ ते १० वर्षांची मुलं आहेत. बरीचशी कौन्सिलच्या (म्हणजे इथल्या पालिकेच्या) जुन्या इमारतींत राहतात, पण त्या कधी, का बांधल्या हे कुणालाच माहीत नाही. १९४५ नंतरची घरं आणि मुलांचे खेळ फोटोंतून शिकवायचेत. वेळ तासभर, बजेट २० पौंड.

टेकडीवरचा: छायाचित्रकार रॉजर मेन यांचं पुस्तक. डोळे झाकून विकत घ्या. १९५६ ते ६१ त्यांनी पश्चिम लंडनच्या साउदॅम स्ट्रीटवरची पोरं टिपली. मी जाडजूड पुस्तक ६० पौंडांना घेतलं, पै न् पै वसूल.

अंगणवेडी: बजेट २० आहे हो. मेनना माझंही अनुमोदन, पण 'गरिबीतही किती आनंदी' असं काही शिकवू नका. पोरं रस्त्यावर होती कारण घरात जागाच नव्हती. तो रस्ता बराचसा पाडला, तिथे १९७२ मध्ये ३१ मजली ट्रेलिक टॉवर झाला. दोन्ही फोटो शेजारी ठेवा.

बोरकूट: पुस्तक कशाला? शेफील्डला पार्क हिल दाखवा. १९६१ ची वसाहत, गॅलऱ्या इतक्या रुंद की दूधवाल्याची गाडी दारापर्यंत यायची. आम्हाला पाऊस लागला, पार्किंगचा दंडही बसला. तरी जाच.

सह्याद्री७२: आपलंही दाखवा की! कल्याणजवळच्या लष्करी बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. आमचं बालपण तिथल्याच गल्ल्यांत गेलं. आजच्या पोरांना गोट्यासुद्धा माहीत नाहीत.

अंगणवेडी: सह्याद्री, यावर वेगळा धागा काढा ना, मी नक्की वाचेन.

निशिगंध_डच: ॲमस्टरडॅमच्या अभिलेखागाराचे फोटो साइटवर फुकट बघता येतात. आल्डो व्हान आइक या वास्तुरचनाकाराने १९४७ पासून तिथे ७०० हून जास्त खेळाच्या जागा केल्या. पडीक भूखंड, मग त्याच जागी वाळूचा हौद आणि लोखंडी कमानी, अशा जोड्या सापडतात. मुलांना आधी फक्त 'आधी'चा फोटो द्या, त्यावर हवं ते खेळणं काढू द्या, मग 'नंतर'चा दाखवा. माझ्या लेकीने मात्र पहिल्यांदा विचारलं, इथलं घर कुठे गेलं? याचं उत्तर तयार ठेवा. नाझींनी ज्यू कुटुंबांना पकडून नेलं होतं, आणि १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात लोकांनी सरपणासाठी त्यांच्या रिकाम्या घरांची लाकडं काढून नेली, मग ती घरं कोसळली.

बोरकूट: म्हणूनच म्हणतो, जागेवर गेल्याशिवाय कळत नाही. पार्क हिल.

टेकडीवरचा: मेनचं पुस्तक जुन्या बाजारात ४० ला मिळेल.

पारिजात_लंडन: सगळ्यांचे आभार. पुस्तक घेत नाही, शेफील्डही नाही. वर्गामागच्याच वसाहतीत 'चेंडू खेळू नये' अशी पाटी आहे. मुलांना तिथे नेऊन त्यांच्याकडूनच फोटो काढून घेणार, २० पौंड प्रिंटांना. 'आधी'चा फोटो वसाहतीतल्या आजींकडे मागितलाय. त्या लहानपणी तिथेच प्रीफॅबमध्ये (युद्धानंतरच्या, कारखान्यात भाग बनवून उभारलेल्या तात्पुरत्या घरात) राहायच्या.

निशिगंध_डच: आजींनाच वर्गात बोलवा.

टेकडीवरचा: मेनचा एक तरी फोटो दाखवाच.

अंगणवेडी: प्रिंट मॅट काढा, ग्लॉसीवर बोटं उठतात.