ठेपल्यांची बॅग भरणाऱ्यांनो, दुपारी एकदा तिथलं जेवून बघा

नौपाड्याचा नाना

परवा आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या प्रवासी ग्रुपवर एका गृहस्थांनी ज्ञान वाटलं. "युरोपात हॉटेलची पायरी चढू नका, माणशी तीन हजारांना कापतात. ठेपले, पराठे, रेडी टू ईट आणि किटली न्या. मुलांना रूमवर मॅगी करून द्या. आम्ही सगळ्या ट्रिपमध्ये बाहेर एक रुपया घालवला नाही." खाली टाळ्या आणि अंगठ्यांचा पाऊस. तिथे वाद घातला की अॅडमिन उचलून बाहेर टाकतात, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

अहो, तीन हजारांना कुठे कापतात ते मलाही ठाऊक आहे. बार्सिलोनात ला रांब्लावर, दारात पाएयाचे, म्हणजे त्यांच्या मसालेभाताचे, फोटो लावलेल्या जागी, संध्याकाळी सात वाजता. तिथला माणूस त्या वेळी जेवतही नाही आणि त्या जागी तर मुळीच नाही. तोच रस्ता सोडून दोन-तीन गल्ल्या आत शिरा, दुपारी दोनला. दाराशी फळ्यावर खडूने मेनू देल दिया, म्हणजे त्या दिवसाचं ठरावीक जेवण, लिहिलेलं असतं. साधारण १२ ते १५ युरो, म्हणजे बाराशे-पंधराशे रुपये. त्यात पहिली डिश, दुसरी डिश, पाव, गोड किंवा कॉफी, आणि पाणी, बिअर किंवा वाइन. सगळं धरून. वर सर्व्हिस चार्ज नाही, टिपेसाठी कुणी तोंडाकडे बघत उभं नाही.

वालेन्सियात अशाच एका ठिकाणी बसलो होतो. टेबलावर कागद अंथरलेला, वेटरने ऑर्डर त्याच कागदाच्या कोपऱ्यात पेनने खरडली. उघडलेली वाइनची बाटली आणि सोड्याची बाटली समोर आणून आदळली, हवी तेवढी ओता. शेजारच्या टेबलावर चमकत्या पट्ट्यांची जाकिटं घातलेले पालिकेचे कामगार, पलीकडे दोन बँकवाले. मसुराचं घट्ट कालवण, मग तळलेला मासा, शेवटी दालचिनी भुरभुरलेली तांदळाची खीर. जेवून उठलो तो रात्री भूकच नाही.

आणि हे हॉटेलवाल्याचं औदार्य नव्हे. १९६४ मध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत, मानुएल फ्रागा पर्यटनमंत्री असताना, सरकारनेच ठरावीक दरातला मेनू ठेवायला लावला, तोही परदेशी पर्यटकांसाठी. पुढे तो कामावरच्या माणसांच्या दुपारच्या जेवणाचा झाला. ज्याच्यासाठी सुरू केला तो पर्यटक मात्र रूमवर किटलीत मॅगी ढवळतोय!

स्वस्त का पडतं, तर निवड तीन-चार पदार्थांतली, सकाळी बाजारात जे बरं मिळालं त्याचं मोठं पातेलं, वाया काही जात नाही आणि टेबल दुपारीच दोनदा भरतं. आपल्या स्टेशनबाहेरची राइस प्लेट चालते त्याच हिशोबावर. फ्रान्सात, पोर्तुगालात, चेकमध्ये, जपानमध्ये, सगळीकडे याच धर्तीचं काहीतरी असतं. दुपारी तिथलं भरपेट जेवा, रात्री खुशाल ठेपले खा.

नेरूळची ताई

नाना, छान लिहिलंत. आता हेच शाकाहारी माणसासाठी लिहून दाखवा.

माद्रिदला आम्ही असेच गल्लीत शिरलो होतो, खडूचा फळा बघून. मांस नको सांगितलं. सॅलड आलं, वर ट्यूना. परत पाठवलं तर वेटर म्हणाला, हे मांस कुठे, हा तर मासा. मग फरसबी मागवली, तीत हॅमचे बारीक चौकोन. वेटर बिचारा एवढ्या प्रेमाने सांगत होता की चवीपुरतंच आहे. सासऱ्यांनी फक्त पाव खाल्ला. पाव चांगला होता, नाही म्हणत नाही. पण त्या रात्री रूमवर ठेपल्यांचा डबा उघडला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते तुमच्या खिरीत नाही.

नौपाड्याचा नाना

ताई, नुसतं मांस नको म्हणून भागत नाही. हॅम नको, ट्यूना नको, मासे नकोत, एकेक नाव घ्यायचं. आणि दुसऱ्या डिशऐवजी पहिल्यातल्याच दोन द्या म्हणायचं, बरेच जण देतात. उन्हाळ्यात गासपाचो म्हणजे टोमॅटोचं गार सूप, एरवी भाज्यांचं घट्ट सूप, अंडं चालत असेल तर तोर्तिया म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट.

नेरूळची ताई

म्हणजे एका जेवणासाठी मी वेटरसमोर अख्खा मासळीबाजार म्हणून दाखवायचा. त्यापेक्षा किटली बरी.

ऐरोलीचा आयटीवाला

नानांशी सहमत. कंपनीने स्टॉकहोमला पाठवलं होतं. रात्री बाहेर जेवायचं म्हटलं की पगार आठवायचा, पण दुपारी दागेन्स लुंच, म्हणजे दिवसाचं जेवण, म्हणून साधारण अकरा ते दोन सगळं ऑफिस जेवतं. मेन डिश, सॅलड हवं तेवढं, पाव-लोणी, पेय, कॉफी. सव्वाशे-दीडशे क्रोनर. शाकाहारी डिश बहुतेक ठिकाणी असतेच, ताई, तेवढं स्पेन सोडून वर सरका.

आणि किटलीवाल्यांना एक सांगतो. आमच्या टीममधल्या एकाने हॉटेलच्या रूमवर फोडणी दिली. धुराचा अलार्म वाजला, थंडीत सगळं हॉटेल खाली रस्त्यावर, चप्पल-पायजम्यात. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मान वर करायची सोय नव्हती.

पाचपाखाडीकर

हसणं सोपं आहे. माझ्या आईला मधुमेह. गोळी साडेबाराला, जेवण एकला. स्पेनमध्ये एकला किचनमधून सांगतात अजून वेळ आहे. फ्रान्समध्ये सव्वादोनला गेलो तर किचन बंद. आम्ही सरळ टूरबरोबर गेलो, वेळेवर डाळ-भात, भाजी, दही. तुमच्या गल्ल्या तुम्हाला लखलाभ.

तलावपाळी

टूरचं ते जेवण! युरोपभर फिरायचं आणि दुपारी एखाद्या तळघरातल्या पंजाबी हॉटेलात पनीर मखनी, बाहेर बसवाला घड्याळ बघतोय. शहर बदलतं, ग्रेव्ही तीच. असं जेवायचं तर घोडबंदरवरच जेवा की, व्हिसाचे पैसे वाचतील.

पाचपाखाडीकर

साखर उतरलेल्या ७४ वर्षांच्या बाईला घेऊन रस्त्यात हॉटेल शोधलंय कधी? नसेल तर गप्प बसा.

तलावपाळी

तुमच्या आईंबद्दल एक अक्षर बोललो नाही. ग्रेव्हीबद्दल बोललो. ग्रेव्हीला नातेवाईक समजायचं काही कारण नाही.

सेक्टर बाराचा खारघरकर

स्पेन-पोर्तुगालवर काय उड्या मारताय, ते स्वस्तच आहेत. स्वित्झर्लंडला जाऊन दाखवा. तिथलं दुपारचं ताटसुद्धा वीस-पंचवीस फ्रँक. सूप किंवा सॅलड आणि एक डिश. पाणी मागवलंत तर पाच फ्रँक वेगळे. तिथे किटली नेणारा माणूस शहाणाच.

घोडबंदरचा रहिवासी

पाण्याचा विषय काढलात ते बरं झालं. जेवणाचं राहू द्या, बर्लिनमध्ये मला पाण्याच्या बाटलीला साडेचार युरो पडले, तेही बुडबुडेवालं! नळाचं मागितलं तर वेटर असा बघतो की जणू मी त्याच्या घरचं मागितलं. ज्या देशात जेवायला बसलेल्याला पाणी विचारत नाहीत तिथलं जेवण गोड कसं लागायचं?

नौपाड्याचा नाना

सगळा युरोप एका दावणीला बांधू नका. फ्रान्समध्ये नळाच्या पाण्याचा जग आणि पाव जेवणाच्या किमतीतच असतो, फक्त कॅराफ म्हणून मागायचं. स्पेनमध्ये २०२२ च्या कायद्याने हॉटेलांनी नळाचं पाणी फुकट द्यायलाच हवं. रोममध्ये रस्त्यारस्त्यावर नासोनी नावाचे नळ आहेत, बाटली भरून घ्या. आणि खारघरकर, झुरिकमध्ये पिण्याच्या पाण्याची १२०० हून जास्त कारंजी आहेत. पाच फ्रँक वाचले की नाही?

सेक्टर बाराचा खारघरकर

वाचले. आता कारंज्याला तोंड लावून वीस फ्रँकचं सॅलड खातो, मग तर झालं?

बिल तपासणारा

जर्मनीपर्यंत कशाला जाता? ठाण्यात काय चाललंय बघा. खुर्ची ओढायच्या आत वेटर विचारतो, "बिसलेरी?" साधं म्हटलं की मेनूकार्डसुद्धा उशिरा येतं. वीसची बाटली साठ-सत्तरला. भांडायला गेलो तर मॅनेजर म्हणाला सुप्रीम कोर्ट आमच्या बाजूने आहे. आणि खरंच आहे, डिसेंबर २०१७ चा निकाल, हॉटेलात बाटलीला छापील किमतीचं बंधन नाही. वर सर्व्हिस चार्ज. तो सक्तीने लावता येत नाही हे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितलं, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं, तरी बिलात असतोच. काढायला लावला की सगळं हॉटेल आपल्याकडे बघतं आणि बायको पर्समध्ये काहीतरी शोधायला लागते.

तलावपाळी

साधं पाणी प्यायचं की. ठाण्याचं पाणी पिऊन मोठे झालात ना?

घोडबंदरचा रहिवासी

कुठलं ठाण्याचं पाणी? आमच्याकडे टँकर येतो. कोटीचा फ्लॅट, क्लबहाऊस, तरणतलाव, आणि सकाळी सातला गेटवर टँकरची रांग. मेंटेनन्समध्ये पाण्याचा आकडा बघितला तर बर्लिनची बाटली स्वस्त वाटते.

नेरूळची ताई

म्हणून सांगत होते नवी मुंबईत या. महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे. नळाखाली ग्लास धरायचा आणि प्यायचं.

सेक्टर बाराचा खारघरकर

ताई, "नवी मुंबईत" म्हणताना जरा जपून. मोरबे तुमचं. आम्ही हेटवणे धरणातून येणाऱ्या सिडकोच्या पाण्यावर, आणि उन्हाळ्यात नुसत्या आशेवर. इमारतीच्या जाहिरातीत मात्र नवी मुंबईच छापलं होतं.

नेरूळची ताई

मग खारघर नवी मुंबईत नाहीच. पनवेल महापालिका ना तुमची?

सेक्टर बाराचा खारघरकर

झालं! आता आमचं नागरिकत्वही गेलं. आमचं सेंट्रल पार्क बघायला रविवारी येता तेव्हा कुठे येता, परदेशात?

घोडबंदरचा रहिवासी

निदान तुमच्याकडे धरण कुणाचं यावर भांडता येतं. आमच्याकडे टँकरवाल्याचा नंबर कुणाकडे आहे यावर भांडणं होतात. मागच्या सर्वसाधारण सभेत खजिनदार उठून निघून गेले.

नौपाड्याचा नाना

अहो, मी दुपारच्या जेवणावर धागा काढला होता.

पाचपाखाडीकर

नाना, तुमच्यामुळे नाही, पण एक सांगतो. त्याच टूरमध्ये पॅरिसला एक दिवस मोकळा होता. आईच म्हणाली, रोज काय तेच. बाराच्या ठोक्याला एका कोपऱ्यावरच्या जागी बसलो, बारालाच किचन सुरू होतं म्हणून गोळीचं गणितही जमलं. गाजराचं सूप आणि मशरूम घातलेलं ऑम्लेट, पाव आपोआप आला. आईने सूप पुसून खाल्लं. म्हणजे टूर वाईट असं मी म्हणत नाहीये, तलावपाळींनी उगाच खूश होऊ नये.

तलावपाळी

खूश नाही, फक्त ग्रेव्हीला कळवतो.

नेरूळची ताई

पुढच्या वर्षी जपान ठरतंय. नाना, तिथेही तुमचा फळा असतो का? उगाच विचारतेय, ठेपले नेणारच आहे.

नौपाड्याचा नाना

असतो. तेइशोकु. ट्रेमध्ये भात, मिसो सूप, लोणचं, एखादी बारीकशी भाजी आणि मुख्य पदार्थ. हजार येनच्या आसपास, भात बऱ्याच ठिकाणी पुन्हा फुकट वाढतात, पाणी किंवा चहा बसल्या बसल्या समोर येतो, घोडबंदरकरांनी नोंद घ्यावी. दारात मशीन असेल तर आधी पैसे टाकून कुपन काढायचं. पण तुमच्यासाठी खरं सांगतो, मिसो सूप सुक्या माशाच्या पाण्यात करतात, भाजीसुद्धा पुष्कळदा त्याच पाण्यात शिजते. वरून काही दिसत नाही, त्यामुळे वेचून काढायची सोय नाही. देवळांच्या आसपास शोजिन म्हणून भिक्षूंचं जेवण मिळतं, ते तुम्हाला चालेल, पण ते राइस प्लेटच्या भावात मिळत नाही. जपानला तुमचे ठेपले माफ.

नेरूळची ताई

आभारी आहे. परवानगीची प्रिंट काढून बॅगेत ठेवते.

सध्या लिस्बनमध्ये

मंडळी, धागा वाचत वाचत आत्ता एका गल्लीतल्या हॉटेलात बसलोय. नानांच्या भरवशावर. न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीजची छोटी चकती आणून ठेवलीय. हे मेनूत धरलेलं असतं ना?

नौपाड्याचा नाना

हात लावू नका! पोर्तुगालात त्याला कुव्हेर म्हणतात. नको म्हटलं की उचलून नेतात आणि पैसे लागत नाहीत. खाल्लं की प्रत्येक गोष्ट बिलात वेगळी लागते. दिवसाची डिश काय आहे विचारा, प्रातु दु दिया, तेवढीच घ्या.

सध्या लिस्बनमध्ये

चीज संपलंय. बायको म्हणतेय अजून एक मागव.

बिल तपासणारा

बिलाचा फोटो टाका.